मालकीणबाई, कागदावर तुम्ही कुठे?

'तुम्ही काय करता?' असं कुणी विचारलं, की आपल्याकडची बाई पटकन सांगून मोकळी होते, 'काही नाही, घरीच असते.' मग बोलता बोलता कळतं, की घराच्या मागे दोन खोल्या आहेत, गच्चीवर एक आहे आणि तिन्ही किरायाने दिल्यात. नळ आला की भाडेकरूंना हाक कोण मारतं? तीच. संडास तुंबला, बोअरची मोटर जळली, रात्री अकराला फ्यूज उडाला, तर दार कुणाचं वाजतं? तिचंच. जून महिन्यात बापाच्या मागे उभी राहून, बावरलेल्या डोळ्यांनी खोली बघणाऱ्या मुलीला 'इथं काही भीती नाही गं बाळा' असं सांगते, तीही तीच. आणि तरी म्हणायचं काय? तर 'काही नाही, घरीच असते.'

मैत्रिणींनो, आज बोलायचंय ते या 'काही नाही'बद्दल. भाड्याची खोली सांभाळणं हे काम आहे. चांगलं कष्टाचं, डोकं लागणारं आणि घरात पैसा आणणारं काम. कामाला हिशोब लागतो, कागद लागतो आणि ते करणाऱ्याचं नाव लागतं. आपण काम तेवढं करतो आणि बाकीचं सगळं 'ते बघतील' म्हणून सोडून देतो. इथंच आपलं चुकतं.

आपल्या परभणीत हा व्यवसाय घरोघरी कसा आला ते आठवून बघा. एकेकाळी हे वाड्यांचं आणि माळवदाच्या घरांचं गाव. १८ मे १९७२ ला इथं कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून शिकायला मुलं यायला लागली. २०१३ पासून विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव आहे. पुढे कॉलेजं वाढली, क्लासेस आले, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आली, २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. सोनपेठ, पालम, जिंतूरकडच्या गावांतून तर नुसती मुलं येत नाहीत, त्यांच्यासोबत आई नाहीतर आजीही येते. खोली घ्यायची, पोरांना रांधून घालायचं, शाळा शिकवायची. वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोडच्या वसाहतींतून गच्चीवर एक-एक खोली चढत गेली ती अशी. कुणाच्या घरी नवऱ्याचा प्रॉव्हिडंट फंड लागला, कुणाच्या घरी बाईच्या पाटल्या मोडल्या. पाटल्या मोडून बांधलेल्या खोलीच्या घरपट्टीवर मात्र नाव एकट्या मालकांचं!

पूर्वी निदान एक होतं. महिना भरला की पोरं यायची, 'काकू, किराया' म्हणून नोटा हातात द्यायची. त्या पैशाचा हिशोब तिच्याकडे असायचा. गॅस, दूध, शाळेची फी त्यातून निघायची. डब्याच्या तळाला दोन-चार नोटा तिच्या स्वतःच्याही राहायच्या. आता भाडं मोबाइलवरून येतं. भिंतीवर जो कोड चिकटवलेला असतो, तो बहुतेक घरांत मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्याचा असतो. पैसे आले की त्यांच्या फोनला टिंग वाजतं. सोय झाली खरी, पण जी बाई खोली झाडून-पुसून देते, तिच्या हातून ती नोटही गेली. मागायची वेळ आली, की 'कशाला हवेत?' हे ऐकावं लागतं. कुणी मुद्दाम केलं असं नाही, पण झालं खरं. म्हणून पहिली गोष्ट. तुमच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं काढा आणि भिंतीवरचा कोड त्या खात्याचा लावा. खर्च घराचाच करायचाय, पण तो तुमच्या हातून होऊ द्या.

आता मूळ कामाकडे वळू. खोली चांगली राखणं म्हणजे रंग मारणं नव्हे. आपल्याकडे होतं काय, की भाडेकरू गेला की आपण दोन डबे रंग आणतो, भिंत गुलाबी करतो आणि भाडं पाचशेनं वाढवतो. पहिल्याच पावसात त्या गुलाबी भिंतीवर ओल उमटते, पापुद्रे सुटतात आणि पैसे पाण्यात जातात. खर्चाचा क्रम ठरवून घ्या. आधी छत, मग वीज, मग पाणी आणि संडास, मग दार-खिडकी आणि अगदी शेवटी रंग. पैसे कमी असले तर रंग पुढच्या वर्षी. छत पुढच्या वर्षी चालत नाही.

या क्रमाला आपल्या घरातलं कॅलेंडर छान जुळतं. मे महिन्यात परीक्षा संपून मुलं गावी जातात, खोल्या रिकाम्या होतात. दुरुस्तीचे दिवस हेच. मृग लागायच्या आत गच्चीवर स्वतः चढा. पाणी जाण्याच्या पाइपात पानं, चेंडू, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, त्या काढा. कठड्याच्या आणि गच्चीच्या कोपऱ्याला गवंडी जी गोलाई देतात, तिला 'वाटा' म्हणतात. तो फुटला की पाणी तिथूनच आत शिरतं. बादलीभर पाणी ओतून ते कुठं साचतं ते बघा. साचलेल्या जागेला आज लावलेलं शंभराचं सिमेंट उद्याचे हजार वाचवतं. पत्र्याच्या खोल्या असतील, तर पत्र्याचे हुक आणि वायसर मेच्या वादळाआधीच तपासायचे. पत्र्यावर दगड ठेवून वादळ थांबत नाही आणि उडालेला दगड कुणाच्या डोक्यात जाईल याचा नेम नसतो.

छताच्या आतल्या बाजूला तांबूस डाग दिसला, सिमेंटचा पोपडा पडून गज उघडा पडला, तर वरून प्लास्टर थापून झाकू नका. आतलं लोखंड गंजून फुगतंय, म्हणून सिमेंट सुटतंय. अशा वेळी गवंड्याच्या भरवशावर न राहता इंजिनीअरला दाखवा. खाली कुणाचं तरी लेकरू झोपतंय, हे विसरायला नको.

आपल्या भागाची आणखी एक खोड म्हणजे काळी माती. कापसाला, तुरीला ती लक्ष्मी आहे, पण घराला छळते. उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, पावसात पाणी पिऊन फुगते आणि तिच्यावर उभी असलेली भिंत वर-खाली होते. म्हणून तर नव्या-कोऱ्या घरालाही तिरप्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर हा त्रास जास्त. आता पाया बदलता येत नाही, पण पाणी तोडता येतं. घराच्या भोवती दोन-तीन फूट रुंदीचा कोबा किंवा फरशी करून घ्या, उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. नहाणीचं पाणी भिंतीच्या कडेला मुरू देऊ नका, भिंतीला लागून झाडं लावू नका. भेग वाढतेय का, हे बघायची सोपी युक्ती आहे. भेगेवर आडवी सिमेंटची टिकली लावायची आणि शेजारी तारीख लिहायची. टिकली तडकली तर भेग चालू आहे, मग लांबी भरून उपयोग नाही, जाणकाराला बोलवा. टिकली वर्षभर शाबूत राहिली, तर खुशाल बुजवा आणि रंग द्या.

उन्हाळा आला की मराठवाड्यातली दुसरी काळजी सुरू होते, ती कुलरची. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत कुलरशिवाय जगणं अवघड होतं. लोखंडी कुलर, त्यात पाणी, त्यात जुनी मोटर, सोललेली वायर आणि ओल्या हातानं पाणी भरणारं पोर. दर उन्हाळ्यात आपण कुलरचा शॉक लागून गेलेल्यांच्या बातम्या वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. आपल्या खोलीत अर्थिंग चालू आहे का, हे किती जणींनी तपासलंय? तीन पिनांच्या बोर्डात तिसऱ्या छिद्रामागे वायरच नाही, असे बोर्ड आपल्याकडे कितीतरी निघतील. वायरमनला बोलवून आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. मग मीटरजवळ ईएलसीबी नावाचा छोटा खटका बसवून घ्या. वीज कुठे गळायला लागली की तो क्षणात खाली पडतो आणि माणूस वाचतो. वायर आणि बटणं आयएसआय शिक्का बघूनच घ्यायची. घरात इतर कुठेही काटकसर करा, इथे करू नका. भाडेकरूलाही बजावून सांगा, की पाणी भरताना आधी पिन काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

विजेच्या बिलावरून तर मालकीण आणि भाडेकरूत नेहमीच वाजतं. त्याचं कारण समजून घेतलं तर भांडण निम्मं होईल. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, एकशे एकपासून पुढच्यांचा बराच जास्त, तीनशेच्या पुढे आणखी जास्त. एकाच मीटरवर आपलं घर आणि तीन खोल्या चालल्या, की सगळ्यांची मिळून युनिटं वरच्या टप्प्यात जातात आणि सगळ्यांनाच वीज महाग पडते. खोल्यांसाठी वेगळं मीटर मिळेल का, याची महावितरणच्या कार्यालयात चौकशी करा. ते जमत नसेल, तर प्रत्येक खोलीला सबमीटर लावा, दर महिन्याला आकडा भाडेकरूसमोर टिपा आणि मूळ बिल त्याला दाखवा. मनाने ठरवलेला दर लावून विजेवर नफा कमवायला जाऊ नका. चार पैसे मिळतात आणि विश्वास जातो.

पाण्याचं म्हणाल, तर चार-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात आपण राहतो. टाकी म्हणजे आपला प्राण. पण ती शेवटची कधी धुतली? टाकीला झाकण घट्ट हवं, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. वर्षातून दोनदा, एकदा मृगाआधी आणि एकदा महालक्ष्म्यांच्या साफसफाईत, टाकी घासून घ्या. घरातले पितळी डबे आपण चिंच लावून उजळतोच की! गळक्या नळाचं वायसर काही रुपयांत मिळतं, आणि थेंब-थेंब गळणारा नळ रात्रभरात बादली भरतो. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात ती बादली मोलाची असते.

संडासाच्या टाकीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. नव्या वसाहतींत बहुतेक घरांना सेप्टिक टँकच आहे. तो भरला की कुणीतरी म्हणतं, 'दोन माणसं बोलावू, हजार रुपयांत उतरून साफ करतील.' अजिबात नको. त्या टाकीत साठलेल्या वायूनं माणूस मिनिटांत कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्यानं अशा टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, आणि जबाबदार धरतात ते काम सांगणाऱ्यालाच. महापालिका नाहीतर नगरपालिकेकडून उपसा करणारी गाडी मागवा. दोन दिवस थांबावं लागलं तर थांबा. कुणाच्या घरचा कर्ता माणूस आपल्या टाकीत जायला नको.

आता गवंडी, प्लंबर, वायरमन. आपण काम सांगायला गेलो की त्यातले काही जण म्हणतात, 'ताई, मालकांना फोन द्या.' फोन द्यायचा नाही. 'काम मी सांगणार, बघणार मी आणि पैसे मीच देणार,' एवढं एकदा शांतपणे सांगितलं, की पुढचं सुरळीत होतं. मात्र त्यासाठी आपल्याला चार गोष्टी ठाऊक हव्यात. काम सुरू होण्याआधी काय-काय करायचं आणि किती रुपयांत, हे वहीत लिहून दोघांनी सह्या करायच्या. भिंतीचं माप स्वतः टेपनं घ्यायचं. लांबी गुणिले उंची, दारं-खिडक्या वजा, हे गणित आपल्याला चौथीत शिकवलंय. सिमेंटच्या पोत्यावर ते कोणत्या वर्षी आणि कितव्या आठवड्यात तयार झालं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं पोतं असलं, तर परत पाठवायचं, त्याची ताकद कमी झालेली असते. प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारलं गेलं पाहिजे. आपल्या उन्हात तर दिवसातून तीनदा. पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर द्यायचा, असं आधीच ठरवून घ्यायचं. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, 'बाई गं, एवढा पैसा आणायचा कुठून?' भाड्यातूनच आणायचा. आपल्याकडे भाडं आलं की ते घरखर्चात विरघळतं आणि छत गळलं की उसनवारी सुरू होते. आयकर खात्याकडून इथे एक शिकण्यासारखं आहे. घरभाड्यावर कर मोजताना भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. भाड्यातला बराच पैसा घरच सांभाळण्यात जाणार, हे सरकारनंही धरून ठेवलंय. आपण मात्र त्यासाठी काही बाजूला काढत नाही. समजा, दोन खोल्यांचं मिळून महिन्याला सहा हजार भाडं येतं. वर्षाचे झाले ७२ हजार. त्यातला दहावा हिस्सा म्हणजे दरमहा सहाशे रुपये, भाडं आल्याच दिवशी आवर्ती ठेवीत टाका. घर जुनं असेल तर थोडे जास्त. वर्षाअखेर सात हजार दोनशे हाताशी राहतात. बचत गटातल्या बायांना हे सांगायची गरज नाही, त्या थेंबाथेंबानं तळं भरूनच दाखवतात. डिपॉझिटचे पैसे मात्र यात धरू नका. ते आपले नाहीत, भाडेकरूचे आहेत. तो जाताना ते द्यायचे असतात.

दुसरा मुद्दा कागदाचा. जुन्या माणसांच्या मनात भीती बसलीय, की 'लिहून दिलं की भाडेकरू घरात घुसतो तो निघतच नाही.' मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा लागू होता आणि त्या काळच्या कोर्टकचेऱ्यांच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात. पण तो कायदा गेला. ३१ मार्च २००० पासून राज्यभरासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्यात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. 'अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही' हा समज आपल्या राज्यात खरा नाही. शंभराच्या बाँडवर नोटरी केली म्हणजेही काम झालं असं नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती चुकवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. उलट राहण्याच्या खोलीचा नोंदवलेला लायसन्स करार असला, तर मुदत संपल्यावर खोली परत मिळण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतर अडून राहणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण कागद टाळतो, तिच्यावरचा उपाय कागदच आहे!

खर्चही फार नाही. लायसन्स कराराला एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं आणि नोंदणी शुल्क शहरी भागात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. हे काम ऑनलाइनही होतं. आधारकार्ड आणि अंगठ्याचं यंत्र असलं की झालं. सोबत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि दर महिन्याला पावती द्या. पावती देणं कायद्यानं बंधनकारक आहे. खोली देताना पंखे, बल्ब, नळ, कुलूप-किल्ल्या यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. जाताना 'हे आधीच तुटलेलं होतं' हा वाद उरत नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे तसा भाडेकरूच्याही बाजूनं आहे, हेही लक्षात ठेवू या. खोली राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. भाडेकरूनं लेखी नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर तो स्वतः करून तो खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. भाडं थकलं म्हणून नळ बंद करणं, वीज तोडणं याला मनाई आहे. आपल्याला खोली बघायचा हक्क आहे, पण आधी कळवून. मुली राहत असतील, तर हे जास्तच पाळायला हवं. त्यांच्या दाराला आतून मजबूत कडी हवी, जिन्यात दिवा हवा आणि दुसरी किल्ली घेऊन घरातल्या कुणीही, अगदी कुणीही, त्यांच्या माघारी आत जायला नको.

आणि एक बोचरी गोष्ट. एकट्या बाईला आपणच खोली नाकारतो. नवऱ्यानं टाकलेली असेल, विधवा असेल, बदलीवर आलेली नर्स असेल, तर 'फॅमिली हवी' म्हणून दार लावतो. आडनाव विचारून, जात-धर्म काढून नाकारणं तर रोजचंच. भाडं वेळेवर कोण देईल आणि खोली कोण नीट ठेवेल, हे आडनावावरून कळत नाही. नोकरीचं पत्र बघा, आधीच्या मालकिणीला विचारा, करार करा. बाईच्या हाती किल्ली आल्यावर दुसऱ्या बाईला निवारा मिळत नसेल, तर त्या किल्लीचा उपयोग काय?

आता शेवटचा आणि सगळ्यांत अवघड मुद्दा, नावाचा. खोल्या तुम्ही सांभाळता, पण उद्या करार करायला गेलात, तर सही मालकाची लागते. कर्ज काढायला गेलात, तर बँक नाव बघते. आणि देव न करो, घरात वाईट घडलं, तर दहाव्या-बाराव्या दिवशीच कुणीतरी कागद पुढे करतं, 'काकू, इथं अंगठा करा, नोंद करायचीय.' तो हक्कसोडपत्राचा कागद असू शकतो. पतीनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार त्याच्या मिळकतीत पत्नीचा वाटा मुलगा आणि मुलीइतकाच असतो. दुःखाच्या दिवसांत कशावरही सही करू नका. 'वाचून सांगते' एवढं म्हणायला शिका. मुलींनाही तेच शिकवा.

आपल्या भागाला ही कल्पना नवी नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असं त्यात आवाहन होतं. आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकांची नावं लावलीसुद्धा. शेतात राबणारीचं नाव सातबाऱ्यावर येऊ शकतं, तर खोल्या सांभाळणारीचं नाव घरावर का येऊ नये? आज वाटाही सोप्या आहेत. राहतं घर पतीनं पत्नीला बक्षीसपत्रानं दिलं, तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, शहरात वर स्थानिक अधिभार लागतो. नवं घर घेताना ते बाईच्या नावे घेतलं, तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. एक मात्र स्पष्ट सांगते. पतीनं बक्षीस दिलेल्या घराचं भाडं आयकरासाठी पतीच्याच उत्पन्नात धरतात, त्यामुळे कर वाचवायला म्हणून हे करू नका. मालकी खरी व्हावी म्हणून करा. आणि घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली असंही नाही. मालकी ठरते ती नोंदवलेल्या दस्तावरून. घरावर कर्ज असेल, तर आधी बँकेशी बोलावं लागेल.

नवऱ्याशी हे बोलायचं कसं, हा तुमचा प्रश्न कळतो. 'माझ्यावर विश्वास नाही का?' हे उत्तर येणार. विश्वास आहे म्हणूनच बोलायचंय, हे सांगा. भांडून नाही, वही पुढे ठेवून. वर्षभराची वही दाखवा. किती भाडं आलं, छताला किती लागले, वायरमनला किती दिले, कोणती खोली किती दिवस रिकामी राहिली, शिल्लक किती. तोंडी सांगितलेलं काम 'काही नाही' वाटतं, वहीत लिहिलेलं काम डोळ्यांना दिसतं. बहुतेक घरांत पुरुष वाईट नसतात, त्यांनी फक्त हे कधी मोजलेलं नसतं.

म्हणून येत्या मृगाआधी तीन गोष्टी आणा. दोनशे पानी वही, माप घ्यायचा टेप आणि पावतीपुस्तक. वहीत पहिल्या पानावर खोल्यांची यादी करा, टेप घेऊन गच्चीवर जा. आणि पहिलं भाडं आलं की पावती फाडताना 'पैसे घेणार' या शब्दांपुढे जी रेघ असते, तिच्यावर सही तुमच्या नावानं करा. पूर्ण नाव लिहा.